उत्सवाचे व्हिडिओ एकगठ्ठा उतरवताना: आधी नाव, मग डाउनलोड

गोव्यातल्या आमच्या वाड्यावरच्या देवळात कालोत्सवाला नाटक होते, श्रावणात भजनी सप्ताह होतो, शिगम्याला मांडावर नमन होते. गेली काही वर्षे कोणी ना कोणी हे सगळे मोबाइलवर टिपतो आणि मंडळाच्या यूट्यूब चॅनेलवर चढवतो. ते सगळे हार्डडिस्कवर उतरवून ठेवायचे असे बैठकीत ठरले आणि काम माझ्याकडे आले. पहिल्या खेपेला मी एका फुकट संकेतस्थळावर एकेक दुवा चिकटवत बसलो. फायली उतरल्या, पण सगळ्यांची नावे एकच, पुढे फक्त कंसात आकडा. महिन्याभराने मंडळातला एक जण घरी आला. त्याचे वडील नुकतेच गेले होते. म्हणाला, "भाई, बाबांनी सप्ताहात म्हटलेली ती भैरवी काढून दे रे." सदतीस फायली उघडून, पुढे सरकवून, बंद करत मी ती शोधली. मध्यरात्र उलटून गेली होती.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: व्हिडिओचे नाव ठरल्याशिवाय डाउनलोडला हात लावायचा नाही. पुढे जे लिहितो आहे त्याचा मोठा भाग म्हणूनच नावांविषयी आहे. उतरवणे हे त्यातले सोपे काम.

परवानगीचे आधी पाहा. मंडळाचे स्वतःचे चॅनेल असेल तर प्रश्न नाही, उलट गूगल टेकआउटमधून चढवलेल्या मूळ फायली मिळतात, त्या जरूर मागवा. दुसऱ्या गावच्या मंडळाचे काही हवे असेल तर त्यांना विचारा. गोव्यात हे एका फोनचे काम आहे. यूट्यूबच्या अटींप्रमाणे परवानगीशिवाय व्हिडिओ उतरवता येत नाही. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ खाली गायकाला, नटाला, वादकाला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क दिलेला आहे आणि तो ५० वर्षे टिकतो. गावच्या हौशी नटालाही तो लागू होतो. जुन्या ध्वनिफिती आणि व्हिडिओ इंटरनेट आर्काइव्हवरही असतात. तिथे काही वस्तूंखाली परवाना लिहिलेला असतो, असेल तर तो वाचून घ्यावा.

आता अवजार. मी वापरतो ते वायटी-डीएलपी. २००६ मध्ये यूट्यूब-डीएल नावाचा एक छोटा प्रोग्राम निघाला, त्याची ही २०२१ पासूनची पुढची शाखा. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, पायथनमध्ये लिहिलेला आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याच्या जोडीला एफएफएमपेग हवेच, कारण यूट्यूब चांगल्या दर्जाचे चित्र आणि आवाज वेगवेगळे देते आणि ते जोडायचे काम एफएफएमपेग करते. ते नसेल तर एक तर हलक्या दर्जाची फाइल मिळते, नाहीतर मुके चित्र एका फाइलीत आणि आवाज दुसऱ्या फाइलीत पडून राहतो. २०२५ च्या अखेरीपासून यूट्यूबसाठी डेनो हा आणखी एक छोटा प्रोग्रामही बसवावा लागतो. तिन्ही गोष्टी त्यांच्या अधिकृत पानावरूनच घ्या. विंडोजवर तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या की भागते.

पुढच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत, इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे आणि इंग्रजी आकड्यांत टंकायच्या. अक्षरे लहान लिपीची, मोठे अक्षर हवे तिथे मी तसे सांगेन. आडव्या रेघा, टक्के, कंस, अवतरणचिन्हे जशी दिसतात तशीच. आणि आज्ञा व्हॉट्सअॅपवरून आलेली चिकटवू नका. फोनवर दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ होते, सरळ अवतरणचिन्हे वाकडी होतात, आणि मग आज्ञा का चालत नाही हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

बसवून झाले की टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडा, विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट, आणि पाहा:

वायटी-डीएलपी --व्हर्शन

उत्तरात तारीख येते, कारण या प्रोग्रामची आवृत्ती तारखेनेच ओळखली जाते. ती चार-सहा महिने जुनी असेल तर "वायटी-डीएलपी" नंतर एक रेघ आणि मोठे यू टंकून तो ताजा करून घ्या. निम्म्याहून जास्त चुका जुन्या आवृत्तीमुळे येतात असा माझा अनुभव आहे. यूट्यूब आपल्या बाजूने सतत काही बदलत असते आणि हा प्रोग्राम मागोमाग सुधारत असतो.

नावाचा साचा

रेघ आणि छोटा ओ या पर्यायापुढे नावाचा साचा लिहितात. साच्यात टक्क्याचे चिन्ह आणि कंसातला शब्द असला की त्या जागी व्हिडिओची माहिती भरली जाते. मी बराच काळ वापरलेला साचा असा:

वायटी-डीएलपी --प्रिंट फाइलनेम -ओ "%(अपलोड_डेट)एस_%(टायटल).१५०बी_[%(आयडी)एस].%(एक्स्ट)एस" "व्हिडिओचा दुवा"

सुरुवातीच्या --प्रिंट फाइलनेममुळे काहीही उतरत नाही, फक्त पुढे फाइलीचे नाव काय होईल ते दिसते. साचा बदलला की दरवेळी आधी असे पाहून घ्या. शेवटच्या कंसातला शब्द ई, एक्स, टी या तीन अक्षरांचा, म्हणजे फाइलीचा प्रकार, एमपी४ वगैरे. १५० नंतरचे बी मात्र मोठ्या लिपीतले.

ते १५० मराठी माणसाने नीट समजून घ्यायला हवे. लिनक्सवर आणि बऱ्याच डिस्कांवर एका फाइलनावाला २५५ बाइट्सची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेते. आणि चिन्ह म्हणजे पूर्ण अक्षर नव्हे. "श्री" हे आपल्याला एक अक्षर वाटते, पण संगणकाच्या लेखी त्यात श, पायमोड, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे आहेत, म्हणजे १२ बाइट्स. २५५ बाइट्समध्ये जेमतेम ८५ चिन्हे बसतात. आपल्याकडचे मथळे कसे असतात ते आठवा: श्री अमुक देवस्थान, तमुक वाडा, वार्षिक कालोत्सवानिमित्त, तीन अंकी संगीत नाटक, भाग पहिला. एवढ्यात मर्यादा ओलांडली जाते आणि नाव फार लांब आहे म्हणून डाउनलोड अडतो. ".१५०बी" म्हणजे मथळा १५० बाइट्सवर काप, साधारण ५० चिन्हांवर. विंडोज बाइट्स मोजत नाही, अक्षरे मोजते, पण तिथे फोल्डरसकट पूर्ण पत्त्याला बहुधा २६० ची मर्यादा आड येते. म्हणून फोल्डर खोल खोल करू नका. डी ड्राइव्हवर एक, त्यात वर्षाचा एक, बस.

चौकटी कंसातला आयडी, म्हणजे प्रत्येक व्हिडिओचा यूट्यूबवरचा वेगळा संकेत, ठेवण्यामागे माझी एक फजिती आहे. नावात वाकडीतिकडी चिन्हे नकोत म्हणून मी कोणाच्या तरी सल्ल्याने --रिस्ट्रिक्ट-फाइलनेम्स हा पर्याय लावला होता आणि साच्यात फक्त मथळा ठेवला होता. या पर्यायाचा अर्थ, नावात साधी इंग्रजी अक्षरेच राहू द्या. देवनागरी मथळ्यातले एकूण एक अक्षर गेले आणि उरली फक्त खालची आडवी रेघ. पहिला व्हिडिओ त्या नावाने उतरला. दुसऱ्याचे नावही तेच, म्हणून प्रोग्रामने "हा आधीच उतरला आहे" असे समजून तो सोडला. तिसराही. सकाळी उठून पाहतो तर फोल्डरमध्ये एकच फाइल. मराठी मथळे असतील तर तो पर्याय अजिबात लावू नका. विंडोजला न चालणारी चिन्हे, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह, उभी रेघ, ही वायटी-डीएलपी आपणहून बदलून घेतो. लिनक्सवर उतरवून पुढे विंडोजवर न्यायचे असेल तर --विंडोज-फाइलनेम्स लावा, तेवढे पुरते.

यादीतून एकगठ्ठा

साच्यातले नाव चालण्यासारखे असेल तर काम सोपे आहे. नोटपॅडमध्ये एका ओळीवर एक दुवा लिहा, यादी नावाने साधी मजकूर फाइल जपा, आणि:

वायटी-डीएलपी -ए यादी.टीएक्सटी -ओ "वरचाच साचा"

ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह टाकले की ती ओळ वगळली जाते. मी त्यांचा वापर मथळ्यासारखा करतो: "# सप्ताह", "# शिगमो". प्लेलिस्टचा एकच दुवा दिला तरी त्यातले सगळे उतरते. पण प्लेलिस्टमधला क्रमांक नावात घेऊ नका. उद्या कोणी वरती एक नवा व्हिडिओ घातला की सगळे क्रमांक एकाने सरकतात आणि जुन्या नव्या फायलींचा मेळ बसत नाही.

नाव आपल्या मनाचे

खरी अडचण पुढे आहे. मथळ्यावर आणि चढवल्याच्या तारखेवर भरवसा ठेवता येत नाही. नाटक होते मार्गशीर्षात, व्हिडिओ चढतो फाल्गुनात, कारण ज्याच्या मोबाइलवर होता त्याला सवड तेव्हा मिळाली. थेट प्रक्षेपण असेल तर तारीख बरोबर असते, पण तीही युटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे नोंदली जाऊ शकते. आपली वेळ साडेपाच तास पुढे, आणि आपली नाटके तर पहाटेपर्यंत चालतात, त्यामुळे एका दिवसाचा फरक पडू शकतो. मथळ्यांचे तर विचारूच नका. गोव्यात एकाच गावाची नावे तीन परींनी लिहितात. कोणी डिचोली लिहितो, कोणी दिवचल, कोणी बिचोलिम. साखळी, सांखळी आणि सँक्वेलीम ही एकच. शोधताना एक लिहाल तर बाकीचे दोन सापडणार नाहीत.

म्हणून यादीतच प्रत्येक दुव्यापुढे आपण ठरवलेले नाव लिहायचे. आधी कच्ची यादी प्रोग्रामकडूनच काढून घ्या:

वायटी-डीएलपी --फ्लॅट-प्लेलिस्ट --प्रिंट-टू-फाइल "%(यूआरएल)एस|%(टायटल)एस" यादी.टीएक्सटी "चॅनेलचा किंवा प्लेलिस्टचा दुवा"

दोन-तीनशे व्हिडिओंची यादीही थोड्या वेळात तयार होते, एकही व्हिडिओ न उतरवता. प्रत्येक ओळीत दुवा, मग उभी रेघ, मग मथळा. आता चहा घेऊन बसा, आणि शक्यतो एकटे बसू नका. मी देवळाच्या ओसरीवर लॅपटॉप घेऊन गेलो होतो, जुन्या दोघा-तिघांना बसवले. कोणत्या वर्षी पेटीवर कोण होते, कोणत्या साली पाऊस आला म्हणून नाटक मंडपातून सभामंडपात हलवले, हे त्यांना पाठ आहे. त्यांच्या सांगण्यावरून मी मथळे पुसून नावे लिहिली. एक ओळ अशी होते:

दुवा|२०१९-०८-१६_सप्ताह_भजन_पहिली-रात्र

आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, दोन्ही दोन-दोन अंकी. असे लिहिले की फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांचे पहिले दिवस एकत्र येऊन गोंधळ होतो. आकडे इंग्रजीच टंका. काही नावांत देवनागरी आकडे आणि काहींत इंग्रजी असे मिसळले की क्रमवारी बिघडू शकते. शब्द देवनागरीत ठेवायला हरकत नाही, मी ठेवतो. गावांचे आणि कलाप्रकारांचे एकच रूप ठरवा आणि ते यादीच्या शेजारी वेगळ्या कागदावर लिहून ठेवा: फोंडा, म्हापसा, पेडणे; कालो, धालो, फुगडी, रणमाले. नावात तिरकी रेघ घालू नका, कारण तिचा अर्थ नवे फोल्डर असा होतो. टक्क्याचे चिन्ह नको. मथळ्यात आधीपासून असलेल्या उभ्या रेघाही काढून टाका, लोक त्या फार वापरतात.

उतरवण्याआधी कायमचे पर्याय एका फाइलीत लिहून ठेवले की आज्ञा आटोपशीर राहते. विंडोजवर प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये आहे तिथेच वायटी-डीएलपी.कॉन्फ नावाची मजकूर फाइल करा आणि त्यात एका ओळीवर एक असे लिहा:

-एस "रेस:७२०,व्हीकोडेक:एच२६४,एकोडेक:एएसी"
--मर्ज-आउटपुट-फॉरमॅट एमपी४
--डाउनलोड-आर्काइव्ह "डी:/उत्सव/झाले.टीएक्सटी"
--राइट-इन्फो-जेसन
--स्लीप-इंटरव्हल १०
-आर १एम

पहिल्या ओळीतले रेघेपुढचे एस मोठ्या लिपीतले, शेवटच्या ओळीतला एमही मोठा. रेस म्हणजे आर, ई, एस आणि जेसन म्हणजे जे, एस, ओ, एन. पहिली ओळ सांगते की ७२० पर्यंतचा दर्जा पुरे आणि जुन्या टीव्हीवरही चालेल असा प्रकार निवड. ही ओळ नसेल तर प्रोग्राम सर्वांत वरचा दर्जा घेतो, आणि ती फाइल देवळातल्या टीव्हीवर बहुधा उघडत नाही. हिशेब करून पाहा: सेकंदाला दीड मेगाबिटने तीन तासांचे नाटक साधारण २ गिगाबाइट होते. अशी चाळीस नाटके म्हणजे ८० गिगाबाइट. शेवटची ओळ वेगाला सेकंदाला एक मेगाबाइटची मर्यादा घालते, म्हणजे मुलांचा अभ्यास आणि घरातले बाकीचे काम अडत नाही.

तिसरी ओळ सर्वांत मोलाची. उतरलेल्या प्रत्येक व्हिडिओचा आयडी त्या फाइलीत नोंदला जातो आणि पुढच्या खेपेला तो व्हिडिओ वगळला जातो. जून-जुलैत आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. अर्धवट उतरलेली फाइल "पार्ट" अशा शेपटीने राहते, वीज आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली की सहसा तिथूनच पुढे सुरू होते. चौथ्या ओळीमुळे मूळ मथळा, वर्णन, चढवल्याची तारीख हे सगळे शेजारच्या छोट्या फाइलीत राहते. वर्णनात बहुधा पात्रपरिचय लिहिलेला असतो. आपण नाव बदलले तरी तो हरवत नाही.

आता विंडोजवर यादी एकेक ओळ वाचून उतरवणारी बॅच फाइल. नोटपॅडमध्ये लिहा आणि शेवटी .बॅट ठेवून जपा:

@एको ऑफ
सीएचसीपी ६५००१
फॉर /एफ "टोकन्स=१,* डेलिम्स=|" %%ए इन (यादी.टीएक्सटी) डू वायटी-डीएलपी -ओ "डी:/उत्सव/%%बी.%%(एक्स्ट)एस" "%%ए"

दुसरी ओळ देवनागरी नीट वाचली जावी म्हणून. तिसऱ्या ओळीत टक्क्याची चिन्हे दुहेरी आहेत याकडे लक्ष द्या, कारण बॅच फाइलीत एकेरी टक्का गिळला जातो. एरवीच्या आज्ञेत आणि कॉन्फ फाइलीत मात्र तो एकेरीच. यादी जपताना एन्कोडिंगमध्ये साधे यूटीएफ-८ निवडा, बॉमसहित असलेले नको. बॉमची अदृश्य चिन्हे पहिल्या दुव्याला चिकटतात आणि नेमका पहिलाच व्हिडिओ राहून जातो.

मॅक किंवा लिनक्सवर हेच असे:

व्हाइल आयएफएस='|' रीड -आर दुवा नाव; डू
वायटी-डीएलपी -ओ "$नाव.%(एक्स्ट)एस" "$दुवा" < /डेव्ह/नल
डन < यादी.टीएक्सटी

आयएफएस मोठ्या लिपीत. दुवा, नाव हे शब्द रोमन अक्षरांत. /डेव्ह/नल एवढ्यासाठी की आतला एखादा प्रोग्राम यादीतलीच पुढची ओळ खाऊन टाकू नये. इथे दोन गोष्टी सांभाळा. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेले हवे, नाहीतर ती ओळ वाचलीच जात नाही. आणि यादी विंडोजवर बनवलेली असेल तर प्रत्येक ओळीच्या टोकाला एक न दिसणारे चिन्ह असते, ते फाइलीच्या नावात घुसते. टीआर -डी '\आर' या आज्ञेतून यादी एकदा गाळून घ्या.

पहिल्या दिवशी सगळी यादी लावू नका. तीन ओळींची चाचणी यादी करा: एक साधे नाव, एक जोडाक्षरांचे लांबलचक नाव आणि एक अर्ध्या तासाहून मोठा व्हिडिओ. तिन्ही उतरल्या की टीव्हीवर लावून पाहा, आवाज आणि चित्र जुळते का ते शेवटच्या पाच मिनिटांत पाहा. मग रात्री यादी लावून झोपा.

सकाळी यादीतल्या ओळी मोजा आणि एमपी४ फायली मोजा. कमी भरल्या तर आज्ञा पुन्हा द्या. झालेले वगळले जाईल, राहिलेल्यांपुढे कारण छापून येईल. व्हिडिओ खाजगी केलेला असेल तर ज्याने चढवला त्याला फोन करावा लागतो, आज्ञेने ते सुटत नाही. नाव चुकले असेल तर फाइल पुन्हा उतरवू नका, यादीतही दुरुस्त करा आणि डिस्कवरही, दोन्हीकडे एकच नाव राहू द्या.

पेनड्राइव्हवर प्रत देताना तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ गिगाबाइटची फाइल त्यावर बसत नाही. एक्सएफएटी करून घ्या, टीव्ही तो वाचतो का हे आधी पाहून.

यादीची फाइल व्हिडिओंइतकीच जपा. मी ती एका डिस्कवर, एका पेनड्राइव्हवर आणि छापून देवळाच्या दप्तरात ठेवली आहे. यंदा सप्ताह झाला की तिच्या शेवटी नव्या ओळी येतील आणि तीच बॅच फाइल पुन्हा चालेल. त्या मित्राच्या वडिलांची भैरवी आता ८४ व्या ओळीवर आहे.